आठ वाजायच्या आधी

नेरूळ. ३० ऑक्टोबर २०२२, रविवार. दिवाळी सरली, तरी गॅलऱ्यांमधले आकाशकंदील अजून उतरलेले नाहीत. सायन-पनवेल महामार्गालगत डी. वाय. पाटील स्टेडियमचे दिवे लागलेत. सतरा वर्षांखालील मुलींच्या फुटबॉल विश्वचषकाची आज अंतिम लढत. स्पेन विरुद्ध कोलंबिया, रात्री आठ वाजता.

निकाल आता इतिहासात जमा आहे. ८२व्या मिनिटाला कोलंबियाच्याच खेळाडूला लागून चेंडू जाळ्यात गेला आणि स्पेनने १-० ने चषक राखला. आपण मात्र त्याआधीच्या तासात थांबणार आहोत.

कारण कोलंबियाच्या मुलींना हे मैदान नवं नव्हतं. अठराच दिवसांपूर्वी, १२ ऑक्टोबरला, याच गवतावर याच स्पेनने त्यांना १-० ने हरवलं होतं. तिथून सावरत त्या उपांत्य फेरीत पोहोचल्या. भाऊबीजेच्या दिवशी, मडगावात फातोर्ड्याच्या मैदानावर, नायजेरियाशी गोलशून्य बरोबरी झाली आणि शूटआउटमध्ये त्या ६-५ ने जिंकल्या. कोलंबियाचा कुठलाही संघ, अगदी पुरुषांचाही, तोवर फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम फेरीत गेला नव्हता. आणि आता समोर पुन्हा तोच संघ, तेच गोलपोस्ट.

त्यांच्यात लिंडा कायसेडो आहे. वय सतरा. पंधराव्या वर्षी अंडाशयाचा कर्करोग झाला, शस्त्रक्रिया झाली, आणि ती परत मैदानात उतरली. जुलैत मायदेशी थोरल्या संघातून कोपा अमेरिकाची अंतिम लढत, ऑगस्टमध्ये कोस्टा रिकात वीस वर्षांखालील विश्वचषक, आणि आता नेरूळ. ती अंगाला आळोखेपिळोखे देत असते तेव्हा हे सगळं आठवतं, आणि घसा दाटून येतो.

स्पेन गतविजेता. उपांत्य सामन्यात जर्मनीविरुद्ध विकी लोपेझने अगदी अखेरीस गोल करून त्यांना इथवर आणलं. चषक हातात असलेल्यांनाही धाकधूक असतेच, पण मला वाटतं, त्या संध्याकाळी खरा भार कोलंबियाच्या पायांवर होता.

आपल्या मुली भुवनेश्वरला तिन्ही सामने हरल्या. सोळा गोल झाले, एकही करता आला नाही. जिव्हारी लागलं होतं. तरीही लोक इथे आले.

आमच्या पुढच्या रांगेत दहा-बारा वर्षांची एक मुलगी होती. पायात शाळेचे पांढरे कॅनव्हासचे बूट. मैदानात सराव सुरू झाला आणि खुर्चीखाली तिचे पाय चालू लागले. तिकडे पास गेला, की इकडे तिचा उजवा पाय पुढे. बाबांनी वडापाव पुढे केला, तिने तो न बघताच घेतला आणि हातात तसाच धरून ठेवला.

संघ रांगेने बाहेर आले. राष्ट्रगीतं झाली. चेंडू मधल्या ठिपक्यावर ठेवला गेला.

तिचे पाय थांबले.