पहाटे पाचची बाटली

(दृश्य : अंधार. पाण्यावर टॉर्चचा झोत. होडीचा काठ, वल्ह्याचा आवाज.)

पहाटेचे पाच. करमाळा तालुक्यातलं, उजनी धरणाच्या फुगवट्यावरचं एक गाव. नाव सांगायचं नाही असं ठरलंय, कारण सांगितलं की पुढच्या रविवारी इथं पंचवीस जण ड्रोन घेऊन हजर होतील.

होडीत पुढं वल्हं मारणारे मामा. मागं आमचा कॅमेरा. आणि मधे, मांडीत थर्माकोलचा खोका घट्ट धरून बसलेली सोलापूरची एक संशोधक विद्यार्थिनी. प्राणिशास्त्रात पीएच.डी. करतीये. खोक्यात बर्फ, बर्फात बाटल्या.

"मामा, मागच्याच जागेवर आलो ना?"

"आलो की. ती बघा म्होरं बाभळ, अन् हिकडं मोटारीचा पाइप. आता मलाबी पाठ झालंय."

मोबाइलवरचं जीपीएसही तेच सांगतंय. पण वहीत दोन्ही खुणा लिहिल्या जातात, बाभळसुद्धा.

(दृश्य : जवळून. काचेची बाटली पाण्याखाली, बूच हातात.)

ही तीनशे मिलिलिटरची बाटली. ती पाण्याखाली तिरकी धरायची, हळूहळू भरू द्यायची आणि बूचही पाण्याखालीच लावायचं. आत हवेचा एक बुडबुडा जरी राहिला तरी बाटली ओतून द्यायची आणि पुन्हा भरायची. मोजायचा आहे तो पाण्यात विरघळलेला प्राणवायू. वरच्या हवेतला त्यात मिसळला की सगळं मुसळ केरात. आम्ही पाहत होतो तेव्हा तिसऱ्या खेपेला जमलं.

आता पिपेट, म्हणजे मोजून द्रव सोडायची काचेची नळी. तिचं टोक पाण्यात बुडवून आधी मँगनीज सल्फेट सोडायचं, मग आयोडाइड मिसळलेलं अल्कली. दोन्ही दोन-दोन मिलिलिटर. बूच लावून बाटली उलटसुलट करायची. आणि हे बघा.

(थोडा वेळ फक्त दृश्य. बाटलीत भुरा साका उतरतोय.)

भुरा साका उतरला, म्हणजे पाण्यात प्राणवायू आहे. जितका गडद तितका जास्त. साका पांढराच राहिला तर पाण्यात प्राणवायू जवळपास नाहीच. ही पद्धत लायोश विंकलर या हंगेरीच्या रसायनशास्त्रज्ञानं १८८८ मध्ये शोधली. आता बटण दाबलं की आकडा दाखवणारी यंत्रं आलीत, पण ती बरोबर दाखवतात की नाही हे तपासायला अजूनही विंकलरचीच बाटली लागते. शिवाय यंत्र महाग, बाटली स्वस्त. हे कारणही लहान नाही.

पण हे सगळं पहाटे पाचलाच कशासाठी?

कारण पाण्याचा प्राणवायू दिवसभर सारखा नसतो. पाण्यातलं शेवाळ उन्हात प्राणवायू तयार करतं. दुपारी दोन-तीनला हिरव्यागार पाण्यात तो इतका साठतो की पाण्याला पेलवत नाही. सूर्य मावळला की तेच शेवाळ, मासे, तळाच्या गाळातले जिवाणू, सगळे मिळून रात्रभर तो वापरत राहतात आणि नवा काही तयार होत नाही. म्हणून सर्वांत कमी आकडा असतो उजाडण्याच्या जरा आधी. सकाळी नाष्टा करून अकरा वाजता येऊन नमुना घेतला, तर पाणी ठणठणीत असल्याचा दाखला मिळतो. आकडा खोटा नसतो, वेळ सोयीची असते. आमच्या मते पाण्याच्या कुठल्याही अहवालात आधी नमुना किती वाजता घेतला ते पाहावं, मग पुढचं वाचावं.

मामांना हे वेगळ्या वाटेनं माहीत आहे. "पाटंचं मासं तोंड वर काढून बसत्यात. भक भक करत्यात. तवा समजायचं, आज कायतर होणार." माशाला जगायला लिटरमागं निदान चार मिलिग्रॅम प्राणवायू असावा असं मानतात. मामा मिलिग्रॅम मोजत नाहीत, तोंडं मोजतात.

(दृश्य : उजाडतंय. पाण्याचा रंग हळूहळू दिसू लागतो.)

आता पाणी दिसलं. रंगाबद्दल आम्ही बोलत नाही, तुम्ही बघताच आहात.

उजेड झाला की चकतीचं काम. पत्र्याची गोल चकती, व्यास वीस सेंटिमीटर, चार भागांत काळी-पांढरी रंगवलेली. हिला सेच्ची चकती म्हणतात. अँजेलो सेच्ची हे इटलीतले धर्मगुरू आणि खगोलशास्त्रज्ञ. १८६५ मध्ये पोपच्या जहाजावरून त्यांनी पांढरी चकती भूमध्य समुद्रात सोडून पाहिली होती. आपली चकती मात्र सोलापुरात ट्रकच्या नंबरप्लेटी रंगवणाऱ्याकडून करून घेतलेली. दोरीला दर दहा सेंटिमीटरवर गाठ. चकती सोडत जायचं, दिसेनाशी झाली की गाठी मोजायच्या. पुन्हा वर ओढायची, दिसू लागली की पुन्हा मोजायच्या. दोन्हींची सरासरी म्हणजे पाण्याची पारदर्शकता. फार गाठी मोजाव्या लागल्या नाहीत.

मग बारीक नायलॉनच्या कापडाची, शंकूसारखी जाळी. तिच्यातून बादल्या मोजून पाणी ओतायचं. खाली अडकलेल्या छोट्या बाटलीत उरतो तो हिरवा अर्क. त्यात आयोडीनचे थेंब टाकले की आतले जीव जसेच्या तसे टिकतात. चिठ्ठी पेन्सिलीनं लिहायची आणि बाटलीच्या आत टाकायची. पेनची शाई पाण्यात पसरते, पेन्सिल पसरत नाही. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं, पहिल्या महिन्याच्या सगळ्या चिठ्ठ्या वाया गेल्यावर कळलं.

(दृश्य : मामांचं जाळं वर येतंय.)

जाळ्यात काय आलं बघू. ही चिलापी. मूळची आफ्रिकेतली, आता उजनीची म्हणूनच ओळखली जाते. आणि हा काळा, खरखरीत, अंगावर चिलखत घातल्यासारखा? याला सकर म्हणतात. मूळचा दक्षिण अमेरिकेतला. घरातल्या काचेच्या टाकीत काच साफ करायला आणलेला, मोठा झाल्यावर कुणीतरी कुठंतरी सोडून दिलेला. मामा त्याला जाळ्यातून सोडवताना जे बोलले ते आम्ही ठेवलेलं नाही. काट्यांनी जाळं फाटतं आणि मासा बाजारात कुणी घेत नाही.

पण हे दोन मासे बाटलीतल्या भुऱ्या साक्याशी जोडून बघा. चिलापी कमी प्राणवायूत तग धरते. सकर तर वर येऊन हवा गिळतो, त्याचं जठरच फुप्फुसाचं काम करतं. पाण्यात श्वास कोंडला तरी यांचं चालतं. ज्यांचं चालत नाही, ते जाळ्यात दिसत नाहीत.

(दृश्य : फ्लेमिंगोंचा थवा. संगीत.)

हे सुंदर आहे, आणि याचं चित्रीकरण आमच्याकडे भरपूर आहे, म्हणून थोडा वेळ बघूच. हे पक्षी चोच उलटी धरून गाळ गाळतात. शेवाळ, किडे, अळ्या. त्यातल्या काही अळ्या लालभडक असतात, कारण त्यांच्या रक्तात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं. प्राणवायू जेमतेम असलेल्या गाळात राहायचं तर ते कामी येतं. पक्षी आले म्हणजे पाणी चांगलं, असं समजून चालत नाही.

(दृश्य : धरणाची भिंत, दरवाजे. मग महामार्ग.)

उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. भीमेवर, माढा तालुक्यात. जलाशयाचं नाव यशवंतसागर. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. त्यातला उपयुक्त साठा साडेत्रेपन्नच्या आसपास, आणि बाकीचा त्रेसष्टच्या वर मृतसाठा. वापरायच्या पाण्यापेक्षा तळाचं पाणी जास्त. म्हणून तर उन्हाळ्यात उपयुक्त साठा संपला की इथल्या बातम्यांत उजनी 'वजा' होते आणि तरीही समोर समुद्रासारखं पाणी दिसत राहतं.

या मृतसाठ्याकडं संशोधक वेगळ्या नजरेनं बघतात. वरून मुळा-मुठेचं पाणी भीमेत येतं, आणि त्याबरोबर पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी. ते इथं येऊन थबकतं. त्यातला फॉस्फरस गाळात बसतो, लोहाला चिकटून. तळाशी प्राणवायू आहे तोवर बसलेलाच राहतो. प्राणवायू संपला की लोह त्याला सोडून देतं आणि तो पुन्हा पाण्यात येतो. क्लिफर्ड मॉर्टिमर यांनी इंग्लंडमधल्या तळ्यांवर १९४१-४२ मध्येच हे दाखवून दिलं होतं. म्हणजे उद्या वरून येणारा नळ बंद केला, तरी खालचं जुनं देणं बाकीच. हिरवा रंग एका पावसाळ्यात जात नाही तो यामुळं.

टेंभुर्णी, मोडनिंब, मोहोळ. खोका मांडीवरच. मोडनिंबला चहासाठी थांबलो तेव्हाही तो खाली ठेवला नाही.

(दृश्य : सोलापूर. प्रयोगशाळा. खिडकीतून ऊन.)

बाटलीत आता तीव्र सल्फ्युरिक आम्ल. भुरा साका विरघळतो आणि पाणी सोनेरी होतं, करडईच्या तेलासारखं. त्यातलं दोनशे मिलिलिटर चंबूत. वर ब्युरेट, म्हणजे खुणांची, तोटीची काचनळी, त्यात थायोसल्फेट. थेंब, थेंब. सोनेरी फिकट होत जातं. पेंढ्याचा रंग आला की स्टार्चचे काही थेंब, आणि पाणी एकदम गडद निळं. पुन्हा थेंब, थेंब.

(निवेदन थांबतं. निळा रंग जातो.)

गेला. एका थेंबात. इथं एक थेंब जास्त पडला तर पहाटे साडेतीनला उठणं फुकट. या मापाच्या द्रावणात हिशोब सोपा असतो. ब्युरेटमधलं एक मिलिलिटर खर्च झालं, म्हणजे लिटरमागं एक मिलिग्रॅम प्राणवायू.

आकडा तिनं वहीत लिहिला. तो आम्ही दाखवत नाही. प्रबंध अजून जमा व्हायचाय, त्याआधी आकडा व्हिडिओत फिरला तर मार्गदर्शक आम्हाला पुन्हा दारात उभं करणार नाहीत.

दुसरी बाटली कपाटात जाते. तीन दिवस, सत्तावीस अंशांवर, अंधारात. जिवाणूंनी तेवढ्यात किती प्राणवायू खाल्ला, यावरून पाण्यातली घाण कळते. जगभरच्या पुस्तकांत पाच दिवस आणि वीस अंश लिहिलेलं असतं. ते माप इंग्लंडच्या रॉयल कमिशनच्या १९१२ सालच्या अहवालापासून चालत आलंय. तिकडच्या नद्या पाच दिवसांत समुद्राला मिळतात, म्हणून पाच दिवस, असं सांगतात. आपली भीमा कर्नाटकात जाऊन कृष्णेला मिळते आणि मग पार बंगालच्या उपसागराला. वीस अंश तर सोलापूरला डिसेंबरच्या रात्रीच भेटतात. म्हणून भारतीय मानकात तीन दिवस, सत्तावीस अंश.

(दृश्य : सूक्ष्मदर्शकातून. हिरव्या ठिपक्यांचे पुंजके.)

आणि हा पहाटेचा हिरवा अर्क. हे पुंजके म्हणजे मायक्रोसिस्टिस. आपण शेवाळ म्हणतो, पण हे खरं तर जिवाणू, उन्हावर जगणारे. पेशीत वायूचे कप्पे असतात, म्हणून ते वर तरंगतात आणि ऊन आधी गाठतात. काचपट्टीवर एक मिलिलिटर मावतं, त्यावर चौकटी आखलेल्या. चौकटीत मोजायचे, दुसरीत मोजायचे. एका नमुन्याला अख्खी दुपार जाते.

मायक्रोसिस्टिसच्या काही जाती यकृताला घातक विष तयार करतात, आणि ते उकळून जात नाही. उजनीचं पाणी जलवाहिनीनं आणि नदीतून सोलापूरजवळच्या औज बंधाऱ्यापर्यंत, असं दोन्ही वाटांनी सोलापूरला येतं.

(दृश्य : सिद्धेश्वर तलाव, ड्रोनमधून. गड्डा यात्रेची गर्दी, नंदीध्वज.)

तिनं पहिली बाटली भरली ती मात्र इथं, एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी. सिद्धरामेश्वरांचा तलाव. बाराव्या शतकातला, मधोमध मंदिर, काठाला भुईकोट किल्ला. संक्रांतीला अडुसष्ट लिंगांना तेलाचा अभिषेक करत नंदीध्वज निघतात. पांढऱ्या बाराबंदीतली ती रांग वरून कशी दिसते, बघा. ध्वज पेलणाऱ्यांत तिचा मामेभाऊ आहे. गर्दीत तो आम्हाला सापडला नाही.

सोलापूरचं मोठं पाणी बहुतेक सगळं माणसांनीच अडवलेलं. हा तलाव सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या हातून खणून घेतला, असं सांगतात. अदिला नदीवरचा एकरुख, आपला हिप्परग्याचा तलाव, इंग्रज अमदानीत १८७१ मध्ये पूर्ण झाला. मग उजनी. साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात पाणी अडवणारे प्रत्येक शतकात निघाले. अडवल्यावर त्या पाण्याचं आत काय होतं, हे महिन्याच्या महिन्याला बघणारे मोजकेच. कॉलेजातली दोन-तीन पोरं, एक उसनी होडी, बर्फाचा खोका. विहिरींचं आणि भूजलाचं काम वेगळं आहे. त्याचं चित्रीकरण झालेलं नाही.

(दृश्य : पुन्हा होडी. काठाला लागलेली. सकाळचे साडेआठ.)

हा शॉट त्याच सकाळचा, आधीचा. मामा होडी बाभळीला बांधतायत. ती बाटल्या मोजून खोक्यात लावतीये. पंधरा गेल्या होत्या, पंधरा आल्या.

"ताई, म्होरल्या म्हयन्यात कधी?"

"अमावस्येनंतर बघू. पण वेळ तीच."

"पाचला?"

"पावणेपाचला, मामा. आज उशीर झाला."

(दृश्य काळोखात जातं. पाण्याचा आवाज थोडा वेळ चालू.)