जाड गोधडीला जाड सुई? आधी दोरा बघा

नमस्कार मंडळी. आधी हा आवाज ऐका.

(मशीन चालवून दाखवणे. टक, टक, टक.)

सुई कापडात शिरताना असा टकटक आवाज येऊ लागला की समजायचं, टोक गेलं. तेल घालून हा आवाज जात नाही, सुई बदलली की जातो.

(दोन तुकडे खिडकीच्या उजेडात धरणे)

आता हे दोन तुकडे. दोन्हींत जुन्या मऊ सुती साडीचे दोन पदर आणि मध्ये पातळ कापूस. दोरा एकच. हा अठरा नंबरच्या सुईनं शिवला, हा अकराच्या. अठराचा बघा, टाक्याटाक्यातून उजेड दिसतोय. एवढं भोक बारीक दोऱ्यानं भरत नाही, आणि चार धुण्यांत तिथूनच कापसाचे तंतू बाहेर डोकावतात. मग आपण कापसाला नावं ठेवतो!

गोधडी जाड म्हणून सुई जाड, हा हिशेब इथेच फसतो. नंबर ठरतो दोऱ्यावर, टोक ठरतं कापडावर.

पाकिटावर ९०/१४ असं लिहिलेलं असतं. ९० म्हणजे सुईच्या दांड्याची जाडी ०.९० मिलिमीटर, आणि १४ हा त्याच जाडीचा दुसरा नंबर. दुकानात आपण तोच बोलतो. गोधडीला लागतात त्या ७५/११, ८०/१२, ९०/१४. १००/१६ जाड दोऱ्याला किंवा जीन्सला. ११०/१८, म्हणजे मघाची अठरा नंबरची, तर फारच क्वचित.

(सुई आणि दोरा, अगदी जवळून)

दोऱ्याशी जमते का ते असं बघा. वीतभर दोरा सुईच्या नेढ्यात ओवा, दोन्ही टोकं ताणून तिरपा धरा, साधारण ४५ अंशांत. सुई आपसूक घसरत खाली आली तर जोडी जमली. अडकली तर नेढं लहान आहे, शिवताना दोरा पिसणार आणि तुटणार. पन्नास नंबरचा सुती दोरा ८०/१२ मधून छान जातो, चाळीसचा त्याहून जाड असतो, त्याला ९०/१४ घ्या.

आता टोक. क्विल्टिंगच्या, म्हणजे गोधडी शिवायच्या सुईचं टोक हळूहळू निमुळतं होत जातं, त्यामुळे पाच-सहा थर एकदम भेदताना कापड कमी ओढलं जातं. एका साडीची हलकी गोधडी बारीक दोऱ्यानं शिवायची तर ७५/११, नागपूरच्या डिसेंबरातली, म्हणजे चार साड्या एकावर एक घातलेली, जाड दोऱ्यानं शिवायची तर ९०/१४. बाटिक किंवा घट्ट पॉपलिनचे तुकडे जोडायचे असतील तर मायक्रोटेक्स, म्हणजे अगदी अणकुचीदार टोकाची, ८०/१२. रोजच्या युनिव्हर्सल सुईचं टोक किंचित गोलसर असतं. ती चालते, पण घट्ट कापडावर सरळ रेघ थोडी वाकडी-तिकडी दिसते. टी-शर्टच्या होजिअरीला बॉलपॉइंट लागते, नाहीतर कापडातले फास तुटून भोकं वाढत जातात.

जुन्या जीन्सची गोधडी करणाऱ्यांनी जीन्सचीच सुई घ्या, १००/१६. तिचा दांडा मजबूत, कमी वाकतो. पण शिवणीवर शिवण आली की पायडलवरून पाय काढून घ्या आणि चाक हातानं फिरवा. तिथे आठ-आठ थर होतात. सुई वाकली की खालच्या पट्टीवर आदळते, आणि मग काय, तुकडे शोधत बसा.

पिंजून आणलेल्या कापसाबद्दल एक सांगतो. त्यात सरकीचे तुकडे राहतात. थर पसरल्यावर तळहात फिरवून चाचपून घ्या. सरकीवर बसलेली सुई मोडली नाही तरी तिचं टोक वळतं. टोक नखावरून हलकेच ओढा, ओरखडा उठला तर ती सुई गेली.

टाके सुटतात, त्याचं कारण बघू. सुई खाली जाऊन दोनेक मिलिमीटर वर येते, तेव्हा तिच्या मागे दोऱ्याचा छोटा फास तयार होतो आणि शटलचं, म्हणजे खालच्या बॉबिनभोवतीच्या भागाचं, टोक तो पकडतं. सुई बोथट असेल तर ती कापडच सोबत उचलते, फास बनत नाही, टाका सुटतो. कापसाऐवजी घालतात त्या फुगीर फायबर शीटवर हे जास्त होतं. लोक टेन्शनचा, म्हणजे दोऱ्याच्या ताणाचा, स्क्रू पिळत बसतात. तिथे हात लावायच्या आधी नवी सुई लावून बघा, ती पार वरपर्यंत ढकला, मगच सुई धरणारा स्क्रू घट्ट करा. जरा खाली राहिली तरी शटलशी वेळ जुळत नाही. सुईवरची लांब खाच दोरा ओवायच्या बाजूला, दांड्याची चपटी बाजू त्याच्या उलट.

इतवारीच्या बाजारात सुई घ्यायला जाताना जुनी सुई खिशात न्या. बहुतेक घरगुती मशीनला १३०/७०५ एच लागते, तिलाच एचएएक्स१ म्हणतात, वरचा भाग एका बाजूनं चपटा. कारखान्यातल्या वेगवान मशीनची डीबीएक्स१ वरून पूर्ण गोल असते. ती घरच्या मशीनला लागत नाही, उगाच ठोकून बसवू नका. श्मेट्झ कंपनीच्या सुयांवर रंगाच्या पट्ट्या असतात. वरची हिरवी म्हणजे क्विल्टिंग. खालची गुलाबी म्हणजे ७५, निळी म्हणजे ९०.

साधारण आठ तासांच्या शिवणानंतर सुई बदला. फायबर शीटवर त्याआधीही. अर्धी वापरलेली परत पाकिटात टाकू नका, नव्यात मिसळते. फ्लॅनेलच्या तुकड्यावर टोचून ठेवा, शेजारी नंबर लिहा. पावसाळ्यात गंज दिसला तर ती सरळ टाकून द्या, मऊ साडीवर डाग पडतो. मोडकी सुई कचऱ्यात तशीच नको, औषधाच्या रिकाम्या डबीत घाला. ही आमची डबी, बघा, वाजवून दाखवतो.

(डबी हलवणे)