रिकाम्या मजल्याचं भाडं

(दृश्य: ऑफिसचा मोकळा मजला. छतातून लोंबणाऱ्या वायरी.)

परवापरवापर्यंत इथे माणसं बसत होती. कार्पेटवर टेबलांच्या पायांचे वळ अजून दिसतात. कंपनी गेली. दिवे बंद झाले, पण लिफ्टची देखभाल, विमा, मालमत्ता कर, रखवालदाराचा पगार सुरूच आहे. कर्जाचा हप्ताही.

पोर्टफोलिओत थोडी कमर्शियल प्रॉपर्टी असावी, असं म्हणताना डोळ्यांपुढे येते काचेची उंच इमारत. पण पैसे मोजले जातात ते भाडेकरारासाठी. भाडेकरू कोण, लॉक-इन किती, म्हणजे त्याला किती काळ सोडून जाता येणार नाही, भाडेवाढ कधी, दुरुस्ती कुणाच्या खिशातून, हे सगळं त्या कागदात असतं. आणि तो कागद संपला की मजला वर्षभरही रिकामा राहू शकतो.

(दृश्य: न्यूयॉर्क, जुनी छायाचित्रं.)

एम्पायर स्टेट बिल्डिंग १९३१ मध्ये उघडली, ऐन मंदीत. जगातली सर्वांत उंच इमारत, आणि भाडेकरू मिळेनात. लोक तिला ‘एम्प्टी स्टेट बिल्डिंग’ म्हणू लागले. पहिल्या वर्षी गच्चीवरून शहर पाहायला येणाऱ्यांच्या तिकिटांतून जवळजवळ भाड्याइतकीच कमाई झाली! नफा दिसायला १९५० चं दशक उजाडलं.

(दृश्य: कोरा कागद, पेन्सिल.)

आता भाडेकरू टिकलाय असं धरू. वर्षाचं निव्वळ भाडं १००. खरेदीदाराला ५ टक्के परतावा पुरत असेल, तर इमारतीची किंमत २०००. व्याजदर चढले, त्याला आता ७ टक्के हवेत. इमारत तीच, भाडं तेच, किंमत मात्र सुमारे १४३०. घेताना १२०० कर्ज काढलं असेल, तर मालकाचे स्वतःचे ८०० होते. त्यातले उरले २३०. एक वीट हललेली नाही.

शेअर बाजार कोसळला तरी इमारत स्थिर राहते, असं विकणारे हमखास सांगतात. राहते, कारण तिचा भाव रोज कुणी पुकारत नाही. मूल्यांकन तिमाहीला, नाहीतर वर्षाला होतं. रीट म्हणजे अनेकांचे पैसे एकत्र करून भाड्याच्या इमारती घेणारी संस्था. तिचे युनिट, म्हणजे हिस्से, शेअरसारखे रोज विकता येतात, म्हणून त्यांचा भावही रोज दिसतो. अमेरिकेने १९६० मध्ये रीटचा कायदा केला. करपात्र उत्पन्नाचा किमान ९० टक्के भाग आज तिथे वाटावाच लागतो. त्यामुळे भाडं हातात पडतं. पण २००८ मध्ये हे रीट बाकीच्या शेअरांबरोबरच आपटले.

म्हणून हा हिस्सा मी भाड्यासाठी ठेवीन, पडझडीतली ढाल म्हणून नाही. दोन-तीन वर्षांत लागणारा पैसा यात नको. सगळे करार एकाच वर्षी संपणारे नकोत, आणि सगळी ऑफिसंही नकोत. २०२० नंतर माणसं घरून काम करू लागली तेव्हा ऑफिसं ओस पडली. ऑनलाइन खरेदीमुळे गोदामांना मात्र मागणी वाढली.

(दृश्य: तोच मजला. कुणीतरी टेपने भिंत मोजतंय.)

नवा भाडेकरू आलाय. पाच वर्षांचा करार करू म्हणतो. भाड्याचा दर जुनाच, फक्त पहिले सहा महिने माफ. मालक लगेच हो म्हणतो. माहितीपत्रकात दर जुनाच छापला जाईल. साठ महिन्यांत भाडं येणार चोपन्न महिन्यांचं.