पुरातला दोर

राम राम मंडळी. डवरणीचे दिवस आहेत, पाऊस उघडला की सगळे शेतात पळणार, तरी थोडा वेळ थांबा. मी हवाई दलात 20 वर्षं हेलिकॉप्टरवर मेकॅनिक होतो, आता गावात शेती करतो.

जुलै 2023 मधी महागाव तालुक्यातला आनंदनगर तांडा पुरानं वेढला, तवा हवाई दलाचे हेलिकॉप्टर मागवले होते, आठवत असल. त्याच्याआधी 2020 चा वैनगंगेचा पूर. अशा वेळी माणूस छपरावर बसून आभाळाकडे कान लावते. पण हेलिकॉप्टर येणार का नाही हे त्या दिवशी ठरत नसते भाऊ, ते कित्येक महिने आधी सुट्या पार्टांच्या स्टोअरमधल्या रॅकवर ठरलेलं असते. अन् हे सगळं पाहणाऱ्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे, वायुसेनानगरले.

आपण ट्रॅक्टरचं बेअरिंग आवाज करेपर्यंत चालवतो, खोलल्यावर बरं दिसलं तर ग्रीस भरून परत बसवतो. तिथं तसं जमत नाही. महत्त्वाच्या पार्टाले नंबर असते, किती तास उडाला त्याची नोंद असते, तास भरले की पार्ट निघाला, चकचकीत का असेना. काहून, तर पंख्याच्या दर फेऱ्याले धातूवर ताण येते-जाते अन् आतून बारीक चीर सुरू होते, डोळ्याले दिसतच नाही. 5 जानेवारी 2025 ले पोरबंदरले तटरक्षक दलाचं ध्रुव हेलिकॉप्टर पडलं, तिघं गेले, तपासात स्वॉशप्लेट तुटल्याचं निघालं. पायलटच्या हातातला दांडा हलला की फिरत्या पंख्याचा कोन बदलते, तो या प्लेटीमुळं. त्या एका पार्टापायी देशभरातले ध्रुव कित्येक महिने जमिनीवर बसले.

आमच्या युनिटात ऐन पावसाळ्यात एक मशीन एका हायड्रॉलिक पंपासाठी उभं राह्यलं. कागद गेले, फोन गेले, पंप काही आला नाही. शेवटी शेजारच्या मशीनचा काढून लावला, मंग ते शेजारचं उभं. मले तवाही राग आला होता अन् आजही येते. नवीन हेलिकॉप्टर घेतल्याची बातमी पेपरात येते, पंपाची येत नाही, पण पुरात अडकलेल्या माणसाले दोन्ही सारखेच लागतात.

आता दोराचं सांगतो. माणसाले वर ओढून घ्याले हेलिकॉप्टरवर दोर गुंडाळणारं यंत्र असते, ते विंच. त्या विंचचा दोर म्हणजे पोलादाच्या बारीक तारांचा पीळ. आम्ही सुती फडकं घेऊन तो हळूहळू ओढायचो, पूर्ण लांबी. एखादी तार तुटली असली तर फडक्याचा धागा तिथं अडकते. डोळ्याले काही दिसत नाही, पण हाताले कळते, अन् मर्यादेबाहेर खराबी असली की दोर बदलायचा, त्यात घासाघीस नाही. त्याच दोरावर उद्या कोणाची माय नाही तर लेकरू लटकणार असते.

म्हणून तुम्ही पण ध्यानात ठेवा. दोर खाली आला की लगेच हात घालू नका, हेलिकॉप्टरवर स्थिर वीज जमलेली असते, झटका बसते. आधी दोर जमिनीले नाही तर पाण्याले टेकू द्या, मंग धरा. अन् दोर छपराले, झाडाले, कशालेच बांधायचा नाही. बांधला तर हेलिकॉप्टर ओढल्या जाते, वरच्याले तो तोडावा लागते, त्यासाठी तिथं कटर बसवलेलाच असते.