दारू पिऊन दुसऱ्यांदा सापडलात तर

नमस्कार मंडळी. गटारी आली, थर्टी फर्स्ट आला की नाकाबंदी लागते, मशीनमध्ये फुंकायला लावतात, आकडा जास्त आला की गाडी बाजूला घेतात, इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पुढे काय होतं विचारलं की उत्तर एकच, "दहा हजार दंड". मला आज त्याच्या पुढचं बोलायचंय, तोच माणूस परत सापडला तर काय.

कायदा पटकन सांगून टाकतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८५. शंभर मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल निघालं की गुन्हा. पहिल्या वेळेला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, दुसऱ्या वेळेला आणि त्यानंतर दर वेळेला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० दंड किंवा दोन्ही. हे २०१९ च्या दुरुस्तीनंतरचे आकडे, आधी जास्तीत जास्त दोन हजार आणि तीन हजार होते. त्याच दुरुस्तीत अजून एक गोष्ट झाली जिची कुणी फारशी चर्चा केली नाही. पूर्वी आधीच्या गुन्ह्यापासून तीन वर्षांच्या आत परत केलात तरच वाढीव शिक्षा होती, ती तीन वर्षांची अटच काढून टाकली. म्हणजे कॉलेजात असताना बाईकवर सापडलेला पोरगा, पुढे नोकरी, लग्न, कार सगळं झाल्यावर सापडला, तरी जुनी शिक्षा मोजायला कायद्याची आडकाठी नाही.

आता तुम्ही म्हणाल फरक पाच हजाराचाच आहे ना. खरं सांगू, मलाही तो दंडातला फरक हास्यास्पदच वाटतो, पाच हजार तर एका पार्टीत उडतात. पण खरी गोष्ट दंडात नाहीच, ती आहे पहिल्या वेळेला कोर्टात जे घडतं त्यात.

ही केस सिग्नल तोडल्यासारखी जागेवर पावती फाडून मिटत नाही, तडजोडीच्या यादीत कलम १८५ नाहीये, कोर्टात जावंच लागतं. तिथलं दृश्य बघा एकदा. सकाळी मॅजिस्ट्रेट कोर्टाबाहेर रांग, डोळे तांबारलेले, ऑफिसच्या ग्रुपवर "जरा बरं नाहीये, लेट येतो" असा मेसेज टाकलेला. नाव पुकारतात, गुन्हा कबूल आहे का, "हो साहेब", दंड भरा, पावती घ्या, आणि माणूस चहाच्या टपरीवर जाऊन म्हणतो, चला सुटलो. अरे बाबा, सुटलास कुठे, तुला आत्ता शिक्षा झाली! ती रेकॉर्डवर गेली आणि पुढच्या वेळेला सरकारी वकील तोच कागद कोर्टापुढे ठेवणार. प्यायला असाल तर कबूल करा, माझं काही म्हणणं नाही, पण काय कबूल करतोय ते आधी वकिलाला विचारून तरी घ्या.

मग लायसन. कलम २० प्रमाणे १८५ मध्ये दोषी ठरलात की कोर्टाने कमीत कमी सहा महिने तुम्हाला गाडी चालवायला अपात्र ठरवायचं असतं, अगदी पहिल्या वेळेला सुद्धा. शिवाय पोलिसांनी लायसन जप्त करून आरटीओकडे पाठवलं तर तुमचं म्हणणं ऐकून घेऊन पहिल्यांदा तीन महिने अपात्र आणि दुसऱ्यांदा लायसनच रद्द, वर नाव जाहीर करायचीही तरतूद आहे. ज्याचं पोट ड्रायव्हिंगवर आहे त्याला पंधरा हजारापेक्षा हे किती महाग पडतं ते तुम्हीच बघा.

फुंकायला नकार द्यायचा सल्ला देणारे बरेच असतात. देऊ नका. प्यायल्याचा संशय असेल तर वॉरंटशिवाय अटक होऊ शकते आणि नीट कारण नसेल तर तो नकार कोर्टात तुमच्याच विरोधात धरता येतो. हां, १८५ खाली अटक केली तर दोन तासांत डॉक्टरी तपासणी व्हायला हवी, नाहीतर सोडावं लागतं, हा तुमचा हक्क आहे, तो मात्र लक्षात ठेवा.

इन्शुरन्सचंही ऐका. तीसच्या खाली होतो म्हणून क्लेम मिळेल असं नाही. दिल्लीत २००७ साली इंडिया गेटजवळ एक पोर्शे ठोकली होती, त्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये सांगितलं की ब्रेथ टेस्ट किंवा रक्ताचा रिपोर्ट नसला तरी ड्रायव्हर नशेत होता हे कंपनी बाकीच्या परिस्थितीवरून दाखवू शकते.

आणि जे दुसऱ्यांदा सापडतात ते सगळे काही रात्रीच सापडतात असं नाही हं. समजा रात्री बारा वाजता रक्तात १५० मिलिग्रॅम आहे, शरीर तासाला साधारण १५ कमी करतं, म्हणजे सकाळी सातला अजून ४५. झोप झाली, आंघोळ झाली, लिंबूपाणी झालं, डोकंही दुखत नाही, पण कायद्याने तुम्ही प्यायलेलेच.

शेवटी एका मुलाने विचारलं, सर माझं लायसन गेलंय, मग मित्राला चालवायला दिली तर? मित्र प्यायलेला नसेल तर खुशाल दे. प्यायलेला आहे हे माहीत असून चावी हातात दिलीस आणि चालव म्हणालास, तर कलम १८८ आहे, चिथावणी देणाऱ्यालाही तीच शिक्षा.