एका अहवालाची दोन घड्याळं

नमस्कार श्रोतेहो. गेलं दीड वर्ष आमच्या गल्लीत मला रोज एकच प्रश्न येतो, ‘काहून काकू, आलं का मग नातवंड?’ चूक माझीच. मुलगा आणि सून अमेरिकेत असतात. भारतातून मूल दत्तक घ्यायचं ठरवतोय, असं त्यांनी फोनवर सांगितलं आणि मी त्याच संध्याकाळी नागपुरात आमच्या अर्ध्या धंतोलीत संत्राबर्फी वाटून आले. तेव्हा त्यांचा साधा अर्जही भरून झालेला नव्हता.

आज मूल नाही, त्याचा फोटो नाही, नाव नाही. आहे ती एक तयार फाइल, आणि ती पुढे सरकत नाहीये. एका देशातलं मूल दुसऱ्या देशात दत्तक देण्याविषयी हेग करार नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे. त्यातल्या देशात राहणाऱ्या जोडप्याला आपल्याकडच्या शिशुगृहात जाऊन ‘आम्हाला मूल द्या’ असं म्हणता येत नाही. तिथली एखादी मान्यताप्राप्त संस्था मध्ये लागते. तिला तिच्या देशाची मान्यता हवी आणि भारताशी काम करायला आपल्या केंद्रीय दत्तक ग्रहण संसाधन प्राधिकरणाची, म्हणजे सगळे ज्याला ‘कारा’ म्हणतात त्याची, परवानगीही हवी. मुलाने निवडलेल्या संस्थेच्या परवानगीचं नूतनीकरण रखडलं आहे. विचारलं की उत्तर येतं, ‘प्रक्रिया सुरू आहे.’ सून हल्ली हे वाक्य माझ्या आधीच म्हणून टाकते.

सुरुवातीला मी फार चिडले. देणारा देश तयार, घेणारे आईबाप तयार, मग हे कागदवाले कोण? नागपूरकराला दत्तक म्हटलं की भोसल्यांचं राज्यच आठवतं. तिसरे रघुजी डिसेंबर १८५३ मध्ये वारले, पोटी वारस नव्हता, आणि १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केलं. मागाहून घेतलेला दत्तक इंग्रजांनी गादीपुरता मानलाच नाही. शाळेत हा धडा शिकवताना मी दरवर्षी तावातावाने बोलायचे. पण तो दत्तक गादीला हवा होता, वंशाला हवा होता. पोराला काय हवं, हा प्रश्न त्यात कोणी विचारला नव्हता.

तो प्रश्न आपल्याकडे न्यायालयात पोचला एका पत्रामुळे. १९८२ मध्ये लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला लिहिलं, की भारतीय मुलं परदेशी दत्तक देताना गैरप्रकार होत आहेत. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं आणि १९८४ मध्ये न्यायमूर्ती भगवती यांनी निकालात सविस्तर नियम घालून दिले. त्यानंतर १९९३ चा हेग करार आला. भारतात तो २००३ पासून लागू आहे, अमेरिकेत १ एप्रिल २००८ पासून. संस्थांना मान्यता लागते ती या सगळ्यामुळे. मान्यता म्हणजे नुसता शिक्का नव्हे. पैसे कशाचे घेतले, मूल खरोखर दत्तकासाठी कायदेशीर मोकळं होतं का, हे तपासलं जातं. दक्षिण कोरियात मुलांच्या कागदांवर खोटं ‘अनाथ’ लिहून त्यांना परदेशी पाठवल्याचं तिथल्या सत्यशोधन आयोगाने २०२५ मध्ये मांडलं. ती मुलं आता पन्नाशीला आलीत आणि आपली आई शोधताहेत. हे वाचल्यावर माझा राग निम्म्यावर आला. पुरता गेला असं मात्र म्हणणार नाही.

याच काळात देवळात एक ओळखीची बाई कानाशी लागली. म्हणाली, एका दवाखान्यात कोणाला नको असलेलं बाळ आहे, थोडा खर्च करा, आठवड्यात काम होईल. माझं मन डळमळलं, खरं सांगते. रात्री मुलाला फोन केला. तो इतका शांत बोलला की मीच घाबरले. ‘आई, याला मूल विकत घेणं म्हणतात.’ बाल न्याय कायद्याच्या कलम ८१ खाली त्याला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड आहे. आणि उद्या ते मूल मोठं होऊन ‘मी कुठून आलो’ विचारेल, तेव्हा त्याला काय दाखवणार? तुमच्याही कानाशी कोणी असं लागलं, तर १०९८ ही चाइल्डलाइन आहे, तिथे कळवा.

आता कामाचं सांगते. गृह अध्ययन अहवाल म्हणजे समाजसेविका घरी येऊन घर, पगार, तब्येत, नातं, सगळं बघून लिहिते तो कागद. भारताच्या नियमांत तो तीन वर्षं चालतो. अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्यात अर्जासोबत देताना मात्र तो सहा महिन्यांपेक्षा जुना चालत नाही, आणि तिथली मंजुरी मिळाली की ती पंधरा महिन्यांची असते. एकाच अहवालाला दोन घड्याळं! संस्था अडली म्हणून ही घड्याळं थांबत नाहीत. मुलाने अहवाल तयार झाल्याबरोबर सगळे अर्ज एकदम करायचं ठरवलं होतं, आता तो तारखा मोजून पावलं टाकतो. फ्रिजवर एक मोठं कॅलेंडर आहे, त्यावर बोटांचे ठसे, पोलीस दाखला, वैद्यकीय तपासणी, प्रत्येकाची मुदत लाल पेनने लिहिलेली.

आणि संस्थेला फोनवर नाही, लेखी विचारायचं. परवानगी संपली आहे की नूतनीकरणाचा अर्ज विचाराधीन आहे? या दोन गोष्टी फार वेगळ्या. आमची फाइल दुसऱ्या संस्थेकडे नेता येईल का, भरलेल्या पैशांतलं काय परत मिळेल? उत्तर गुळमुळीत आलं तर तेही एक उत्तरच. परवानगी असलेल्या संस्थांची यादी काराच्या संकेतस्थळावर असते, ती स्वतः बघावी.

पण सुनेने या काळात जे केलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. परदेशी जाणाऱ्या मुलांत थोडी मोठी किंवा विशेष गरजा असलेली मुलं बरीच असतात. तिच्या मनात आधी दुपट्यातलं बाळ होतं. माझ्याही. हळूहळू तिने ते बाळ मनातून उतरवलं. बालरोगतज्ज्ञाकडे बसून दुभंगलेला ओठ, हृदयाचं छिद्र, ऐकू न येणं, यांचे अहवाल वाचायला शिकली. पाच वर्षांचं पोर येईल, त्याला ओडिया येत असेल किंवा तेलुगू, आपली भाषा येणार नाही, रात्री जेवण उशीखाली लपवेल, हेही वाचलं. मी म्हटलं, मराठी पोरगंच येईल गं. ती म्हणाली, ‘आई, आपण त्याला निवडत नाही आहोत.’ मला त्या रात्री झोप लागली नाही.

गल्लीतल्या प्रश्नाला मी आता एकच उत्तर देते, ‘वेळ आहे.’ तान्हा पोळ्यासाठी घेतलेला चाकांचा लाकडी बैल कपाटात आहे. गेल्या वर्षी शेजारची पोरं बोजारा, म्हणजे पोळ्याचे पैसे, मागायला आली, तेव्हा तो बाहेर काढायचा मोह झाला होता. काढला नाही. परवा त्याचं एक चाक निखळलेलं दिसलं, ते सुताराकडून बसवून आणलं. येत्या चौदा तारखेला तिकडे दोघांना पुन्हा बोटांचे ठसे द्यायला जायचं आहे.

नमस्कार.