माशाचं डोकं कुठल्या बाजूला?

५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर सालिम अलींचा. मधले दिवस आपण पक्षी सप्ताह म्हणून पाळतो आणि त्यानिमित्तानं तुम्ही मला बोलावलंत. मी मात्र उरलेल्या वर्षाबद्दल बोलणार आहे.

पाटणच्या वरच्या अंगाला कोयनेच्या काठानं एक पायवाट जाते, दोनेक किलोमीटरची. एका बाजूला पाणी, दुसरीकडे करंज, जांभूळ, उंबर आणि काठाला ओणवलेली वाळुंजं. पंधरा वर्षं मी हीच वाट चालतोय. नवा पक्षी बघायला लांब जाणाऱ्यांना मी अडवत नाही, पण पक्षी काय करतो ते कळायला एकाच वाटेवर बारा महिने जावं लागतं.

आत्ता गेलात तर खडकावर करडा धोबी दिसेल. पोट पिवळं, शेपूट सारखी वरखाली. हिमालयाकडून तो सप्टेंबरातच उतरतो. माझ्या वहीत त्याची पहिली नोंद बहुतेक वर्षी गणपती ते नवरात्राच्या मधली आहे. फाल्गुनात पांगारा, सावर फुलली की मैना, बुलबुल, शिंजीर, कोतवाल एकाच झाडावर भांडतात. दुर्बीणसुद्धा लागत नाही.

उन्हाळ्यात राखी धनेशाची मादी जुन्या झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते. दार लिंपून चोचीपुरती फट ठेवते आणि नर बाहेरून उंबरं आणून भरवतो. त्या दिवसांत कुणी काठावरचा उंबर तोडला, तर ढोलीतलं अख्खं कुटुंब उपाशी राहतं.

आता खंड्या. छोटा खंड्या मासा स्वतः खाणार असेल, तर माशाचं डोकं त्याच्या घशाकडे असतं; डोक्याकडून गिळला की खवले, पर अडत नाहीत. पिलासाठी नेत असेल तर डोकं बाहेरच्या बाजूला. एका एप्रिलात मी दरडीवर उभा होतो. समोरच्या फांदीवर खंड्या येऊन बसला, चोचीत मासा, डोकं बाहेर. मी हरखलो. दहा मिनिटं गेली, वीस गेली, तो हलेना. फार उशिरा उमगलं, की त्याच्या घरट्याचं बीळ माझ्या पायाखालच्या दरडीतच आहे आणि मी त्याच्या दारात उभा आहे. तीसेक पावलं मागं जाऊन जांभळीआड बसलो, तेव्हा तो सरळ बिळात शिरला. ती वीस मिनिटं आठवली की अजून वाईट वाटतं. म्हणून कॅमेरा घेऊन येणाऱ्या मुलांना मी आधी माशाचं डोकं बघायला शिकवतो.

या बिळांना आणखी एक धोका आहे. कोयना धरणाची साठवण १०५ टीएमसी, म्हणजे १०५ अब्ज घनफूट. त्यातलं बरंचसं पाणी विजेसाठी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला, वाशिष्ठीच्या खोऱ्यात जातं. उन्हाळ्यात आपल्या बाजूला येतं ते शेतीसाठी सोडलेलं. शेताला ते हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण आभाळात ढग नसताना नदी चढते आणि सखल दरडीतली बिळं, गोट्यांमध्ये घातलेली कंठेरी चिलख्याची अंडी बुडतात. मार्चपासून पातळी एकसारखी राहिली, तर पक्षी बेतानं वरच्या अंगाला घरटं करतील. मधली चढउतारच घात करते, असं माझं मत आहे.

पावश्या ‘पेरते व्हा’ म्हणायला लागला की लोक ही वाट सोडतात. कोयनानगर, नवजाकडे वर्षाला ५,००० मिलीमीटरच्या घरात पाऊस. चिखल आणि जळवा. पण शीळकरी कस्तूर गातो तो याच दिवसांत. पहाटे अजून अंधार असतो, ओढा गर्जत असतो आणि त्यावरून त्याची शीळ येते, एखादं पोर चाल आठवत आठवत शीळ घालतं तशी. त्या शिळेसाठी मी दर आषाढात भिजत जातो.

रविवारी साडेसहाला निघू. भडक कपडे नकोत. खंड्या दिसेल, पण डोकं बाहेर धरलेला मासा दिसायला उन्हाळा लागेल. तेव्हा पुन्हा या.